गाडीचा पट्टा ओरडतो तेव्हा: कारण शोधण्यापासून पट्टा बदलण्यापर्यंत

जूनमध्ये पहिले दोन-चार पाऊस झाले की गॅरेजमध्ये एक तक्रार हमखास येते. सकाळी स्टार्टर मारला की बॉनेटखालून ‘चीं…’ असा कानात घुसणारा आवाज येतो, अर्धा-एक मिनिट सगळी गल्ली जागी होते आणि मग तो आपोआप थांबतो. यावर बहुतेक ठिकाणी दोनच उपाय सुचवले जातात. एक तर पट्ट्यावर काहीतरी फवारा, नाहीतर पट्टा बदला. पहिल्या उपायाने आवाज काही दिवस दबतो. दुसऱ्याने पैसे जातात, आणि कारण तसंच राहिलं असेल तर नवा पट्टाही थोड्याच दिवसांत ओरडू लागतो. ढिला टेन्शनर (पट्टा ताणून धरणारा भाग), वाकडी पुली, गळणारं ऑइल, उतरलेली बॅटरी, यातलं काहीही बिघडलं तरी ऐकू येतो तो पट्टाच. म्हणून आधी कारण पक्कं करायचं आणि मगच पाना हातात घ्यायचा, या क्रमाने हा लेख लिहिला आहे.

पट्टा म्हणजे नेमका कोणता ते आधी ठरवू. इंजिनाच्या एका कडेला खाली क्रँक पुली असते. तिच्यावरून निघणारा काळा रबरी पट्टा डायनॅमो (बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर) फिरवतो, एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो, बऱ्याच गाड्यांत वॉटर बॉडी (इंजिन गार ठेवणारं कुलंट खेळवणारा पंप) फिरवतो आणि हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंग असेल तर त्याचा पंपही. काही गाड्यांत या सगळ्यांना मिळून एकच लांब पट्टा असतो, तर काहींत डायनॅमोचा वेगळा आणि एसीचा वेगळा. आतल्या बाजूला लांबीच्या दिशेने बारीक खाचा असलेला तो खाचांचा पट्टा. जुन्या गाड्यांतला एकच जाड, खाली निमुळता होत गेलेला तो व्ही पट्टा. टायमिंग बेल्ट यापेक्षा पूर्ण वेगळा. तो दातेरी असतो, झाकणाच्या आत असतो, आणि इथे सांगितलेलं काहीही त्याला लागू होत नाही.

हात घालण्याआधी

फिरता पट्टा आणि पुली यांच्या मध्ये बोट सापडलं तर ते तुटतं, इंजिन आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता सावकाश फिरत, असलं तरीही. ओढणी, मफलर, लोंबणारी बाही, मंगळसूत्र, साखळी, कडं, घड्याळ, अंगठी हे सगळं काढून ठेवा आणि लांब केस घट्ट बांधा. पाना लावायचं प्रत्येक काम इंजिन बंद करून, चावी काढून, इंजिन गार झाल्यावरच करा. रेडिएटरचा विजेवरचा पंखा चावी बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. त्याच्या जवळ हात जाणार असेल तर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा.

मारुतीच्या स्मार्ट हायब्रिड गाड्या असणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. सिग्नलला आपोआप बंद झालेलं इंजिन या गाड्यांत पुन्हा चालू होतं ते याच पट्ट्याच्या जोरावर. म्हणजे इंजिन शांत दिसत असलं तरी ते कधीही फिरू शकतं. अशा गाडीत फक्त डोळ्यांनी पाहणी करा. बटण स्टार्ट असेल तर चावी घरातच ठेवा, आणि ताणाचं किंवा पट्टा बदलायचं काम कंपनीच्या वर्कशॉपमध्ये द्या.

पायरी पहिली: आवाज नीट ऐका

यात घाई करू नका. पुढचं निम्मं निदान इथेच होतं. बॉनेट उघडून गाडीच्या बाजूला उभे राहा, कुणाला तरी आत बसवून इंजिन चालू करायला सांगा आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. गॅरेजला पोहोचेपर्यंत आवाज गायब होण्याची या दुखण्याची खोडच आहे. तेव्हा ते रेकॉर्डिंग मेकॅनिकला दाखवायलाही कामाला येतं.

लांबलेला, सलग ‘चीं…’ असा आवाज म्हणजे पट्टा पुलीवर घसरतोय. तो स्टार्ट करताना, एसी लावताना किंवा एकदम रेस दिली की वाढतो. पट्ट्यावर जितका भार येतो तितकी पकड उरलेली नाही, एवढंच हा आवाज सांगतो. पकड का गेली याची कारणं अनेक असतात: ताण कमी आहे, पट्टा गुळगुळीत झालाय, त्यावर ऑइल पडलंय, किंवा पलीकडची एखादी पुली जड फिरतेय.

तुटक, ठेक्यात येणारी ‘चिव-चिव’ हे वेगळं प्रकरण आहे. ती आयडलवर स्पष्ट ऐकू येते आणि रेस वाढवली की ठेका वाढतो किंवा आवाज इतर आवाजांत बुडून जातो. इथे बहुतेक वेळा पुल्या एका रेषेत नसतात, खाचेत खडा किंवा चिखल अडकलेला असतो, किंवा पट्ट्याचा एखादा भाग खराब झालेला असतो.

ठेका मोजला तर त्यातूनही बरंच कळतं. समजा क्रँक पुलीचा व्यास १४० मिमी आहे, पट्टा १२५५ मिमी लांब आहे आणि इंजिन आयडलला मिनिटाला ८०० फेरे घेतंय. म्हणजे क्रँक पुली सेकंदाला १३ वेळा फिरते, पण पूर्ण पट्ट्याची फेरी सेकंदाला साडेचार ते पाच वेळाच होते. डायनॅमोची लहान पुली याच वेळात तीसएक फेरे घेते. चिव-चिव मोजता येण्याइतकी सावकाश असेल, सेकंदाला चार-पाच, तर दोष पट्ट्याच्याच एका जागी आहे. त्याहून खूप जलद असेल तर एखाद्या पुलीकडे बघा. कानाला मोजता आलं नाही तर मोबाइलवरचं रेकॉर्डिंग कमी वेगाने वाजवा, ठेके सुटे सुटे ऐकू येतात.

तिसरा आवाज म्हणजे घरघर, खरखर किंवा इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढत जाणारी बारीक शिट्टी. हा बेअरिंगचा आवाज: आयडलर (पट्ट्याला नुसती वाट देणारी मोकळी पुली), टेन्शनर, डायनॅमो किंवा वॉटर बॉडीचा. पट्टा बदलून तो कधीच जात नाही.

डिझेल गाडीवाल्यांसाठी आणखी एक. अनेक डिझेल इंजिनांच्या डायनॅमोवर एकाच दिशेने पकडणारी पुली असते. इंजिनाने धक्का दिला की ती डायनॅमोला ओढते, इंजिन मंदावलं की डायनॅमोला मोकळं फिरू देते. ही पुली जाम झाली की इंजिनाचा प्रत्येक झटका थेट पट्ट्यावर येतो. टेन्शनर नाचू लागतो, पट्टा फडफडतो आणि चिरकतो. अशा गाडीत पट्टा आणि टेन्शनर दोन्ही बदलून आवाज कायम राहिला असेल तर संशयाची सुई या पुलीकडेच वळवा.

पायरी दुसरी: एकेक भार टाकून पाहा

इंजिन आयडलवर ठेवा. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला. आधी सगळं बंद ठेवून ऐका. मग हेडलाइट अपरवर, मागच्या काचेचा हीटर आणि ब्लोअर पूर्ण वेगात लावा. आवाज आला किंवा वाढला तर भार डायनॅमोचा. ते सगळं बंद करून एसी लावा. कॉम्प्रेसरचा क्लच ‘टक्’ करून पकडतो त्याच क्षणी चीं झालं तर कॉम्प्रेसरकडे किंवा त्याच्या पट्ट्याकडे पाहायचं. मग स्टेअरिंग एका टोकापर्यंत वळवा आणि दोन-तीन सेकंदांत सोडून द्या. हायड्रॉलिक पंपाला त्या टोकाला जास्त वेळ धरून ठेवणं सोसत नाही.

स्टेअरिंगच्या बाबतीत एक गफलत नेहमी होते. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पॉवर स्टेअरिंग विजेवर चालतं, तिथे पट्ट्याने फिरणारा पंपच नसतो. तरीही स्टेअरिंग वळवताना पट्टा ओरडू शकतो, कारण मोटरने खेचलेली वीज शेवटी डायनॅमोलाच भरून द्यावी लागते. अशा गाडीत स्टेअरिंगमध्ये दोष शोधत बसू नका.

सकाळी फक्त पहिल्या मिनिटाला ओरडणाऱ्या गाडीची बॅटरी आधी मोजा. स्टार्टरने रात्रभराची उरलीसुरली ताकद ओढून घेतली की डायनॅमो ती भरून काढण्यासाठी पूर्ण जोर लावतो, आणि त्याच वेळी पट्ट्यावर सर्वांत जास्त भार येतो. साध्या मल्टिमीटरवर रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे ती निम्मी उतरलेली. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत, नव्या गाड्यांत संगणक हा आकडा गरजेप्रमाणे खालीवर करतो. बॅटरी म्हातारी झाली असेल तर पट्टा आवळत बसण्यात काही हशील नाही.

पायरी तिसरी: पाण्याची चाचणी

झाडांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली घ्या, त्यात साधं स्वच्छ पाणी भरा. इंजिन आयडलवर, आवाज चालू असताना, हातभर लांब उभं राहून पट्ट्याच्या खाचांच्या बाजूवर दोन-तीन फवारे मारा. डायनॅमोवर पाण्याची धार सोडू नका, फवारा पुरे.

आवाज वाढला तर पट्टा ढिला आहे, म्हणजे ताणाचा प्रश्न. आवाज लगेच थांबला आणि पाणी सुकल्यावर थोड्या वेळात परत आला तर पुल्या रेषेत नाहीत किंवा खाचांत घाण आहे. काहीच फरक पडला नाही तर आवाज पट्ट्याचा नसून बेअरिंगचा असण्याची शक्यता मोठी. मला ही चाचणी सगळ्यांत आवडते. तिला एक पैसा लागत नाही, आणि गॅरेजला जायचं ठरलं तरी तुम्ही काहीतरी ठोस हातात घेऊन जाता.

पायरी चौथी: इंजिन बंद, टॉर्च हातात

आता चावी काढा आणि पट्ट्याची जितकी लांबी दिसते तितकी नीट बघा. काही गाड्यांत वरून फारसं दिसत नाही. मग पुढचं उजवं किंवा डावं चाक काढून, आतलं प्लास्टिकचं झाकण बाजूला करून पाहावं लागतं. अशा वेळी गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, खाली स्टँड लावा.

जुन्या प्रकारच्या रबराच्या पट्ट्यांना वय झालं की आडव्या चिरा पडत, आणि बोटाच्या एका पेरावर तीन-चार चिरा दिसल्या की तो बदलायचा हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता बहुतेक पट्टे ईपीडीएम नावाच्या रबराचे येतात. हे रबर उष्णता चांगलं सोसतं आणि सहजासहजी चिरत नाही. त्यामुळे ‘चिरा नाहीत, पट्टा ठणठणीत आहे’ असं म्हणून चालत नाही. हा पट्टा टायरसारखा झिजतो. खाचांच्या भिंती बारीक होतात, खाच खोल आणि रुंद होते, आणि पुलीचं टोक थेट खाचेच्या तळाला टेकतं. मग पकड घेणाऱ्या भिंतींवर दाब येत नाही आणि पावसात पाण्याला बाहेर पडायला वाटही उरत नाही. कोरड्यात गप्प आणि पावसात ओरडणारा पट्टा बहुधा असा झिजलेला निघतो. नवीन पट्टा शेजारी धरला की फरक लगेच दिसतो. नख खाचेत घालून पाहिलं तरी अंदाज येतो.

याशिवाय काय बघायचं? खाचांचा पृष्ठभाग काचेसारखा चकाकतोय का. कडेचे धागे निघालेत का, कारण एकाच कडेचे धागे सुटणं हे वाकड्या पुलीचं लक्षण. दोन खाचांमधली एखादी धार मध्येच तुटून गेलीय का. उंदराने कुरतडलंय का, पावसाळ्यात हेही होतं. पट्टा प्रत्येक पुलीवर सर्व खाचांत बसलाय का. तो एक खाच बाजूला सरकून बसलेला असला तरी गाडी चालते, फक्त ओरडत चालते.

मग ऑइल. ईपीडीएमचा एक मोठा दुबळेपणा आहे, खनिज तेल लागलं की ते फुगतं आणि मऊ पडतं. टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून उतरणारं ऑइल, क्रँकचं पुढचं सील, पॉवर स्टेअरिंगचा पाइप, वॉटर बॉडीतून झिरपणारं कुलंट, या सगळ्या वाटा तपासा. वॉटर बॉडीच्या खालच्या बाजूला एक बारीक भोक असतं. तिथे कुलंटचा वाळलेला रंगीत ओघळ दिसला तर आतलं सील गेलंय. कित्येक डिझेल गाड्यांत, विशेषतः जुन्या, ब्रेकसाठी लागणारा व्हॅक्यूम पंप डायनॅमोच्या पाठीलाच जोडलेला असतो आणि त्याला इंजिनाचं ऑइल जातं. ते सील गेलं की ऑइल डायनॅमोतून पुढे येऊन पट्ट्यावर उडतं. ऑइल पिऊन फुगलेला पट्टा धुऊन सुधारत नाही. आधी गळती बंद करा, मग पट्टा बदला. उलट क्रमाने केलं तर नवा पट्टाही वाया जातो.

वॉशिंग सेंटरवाल्यांना इंजिन ‘चमकवायला’ देणं बंद करा, ही माझी आग्रहाची विनंती आहे. डिझेल किंवा सिलिकॉनचं पॉलिश इंजिनावर फवारलं की ते पट्ट्यावर आणि पुल्यांवर बसतं आणि दुसऱ्या दिवशीपासून चीं सुरू होतं. इंजिन धुवायचंच असेल तर ओलं फडकं आणि ब्रश पुरतो.

शेवटी पुल्या. एका बाजूला उभं राहून सगळ्या पुल्यांच्या तोंडांवरून सरळ पट्टी धरा. ढोबळ नियम असा की ३० सेंटिमीटरच्या अंतरात दीड मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. डायनॅमो किंवा कॉम्प्रेसर आधी कधी बदललेला असेल तर त्याच्या पुलीपासूनच सुरुवात करा, बाहेरून आणलेल्या भागाची पुली थोडी पुढे-मागे बसणं नवीन नाही. क्रँक पुली तर वेगळी तपासायलाच हवी. बऱ्याच गाड्यांत ती दोन तुकड्यांची असते, आतला गाभा आणि बाहेरची कडी, मध्ये रबराचा थर. हे रबर सुटलं की बाहेरची कडी डुगडुगते. गाभ्यापासून कडीपर्यंत खडूने किंवा पांढऱ्या मार्करने एक सरळ रेघ ओढा, गाडी थोडी फिरवून आणा आणि पुन्हा बघा. रेघेचे दोन तुकडे सरकलेले दिसले तर पुली बदलायला झाली.

पायरी पाचवी: ताण

ताण देण्याच्या तीन तऱ्हा आहेत, आणि तुमच्या गाडीत कोणती आहे हे कळल्याशिवाय पाना लावू नका.

जुन्या मारुती ८०० पासून अनेक साध्या गाड्यांत डायनॅमो स्वतःच्या एका बोल्टवर झुलतो आणि दुसरा बोल्ट लांबट फटीत सरकतो. दोन्ही बोल्ट थोडे ढिले करा, टॉमीने, म्हणजे तरफेसारख्या लोखंडी दांड्याने, डायनॅमो इंजिनापासून बाहेर ओढा, त्याच स्थितीत आधी फटीतला बोल्ट आवळा, मग खालचा. टॉमी डायनॅमोच्या पातळ ॲल्युमिनियमच्या अंगाला टेकवू नका, ते तडकतं. बोल्ट जिथे जातो त्या जाड कानाजवळ टेकवा. काही गाड्यांत हे काम करायला वेगळा स्क्रू दिलेला असतो. तिथे टॉमीची गरजच नाही.

ताण किती? दोन पुल्यांमधल्या सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने साधारण १० किलोचा जोर द्या आणि पट्टा किती खाली जातो ते बघा. गाडीच्या पुस्तकात हा आकडा दिलेला असतो. खाचांच्या पट्ट्यांना तो बऱ्याचदा ५ ते १० मिमीच्या दरम्यान असतो, जुन्या व्ही पट्ट्यांना थोडा जास्त. आवाज थांबेपर्यंत आवळत जाण्याचा मोह टाळा. गरजेपेक्षा घट्ट पट्टा डायनॅमोचं आणि वॉटर बॉडीचं बेअरिंग खातो, आणि वॉटर बॉडी पट्ट्याच्या कित्येक पट महाग पडते.

दुसरी तऱ्हा म्हणजे स्प्रिंगचा ऑटोमॅटिक टेन्शनर. इथे ताण हाताने द्यायचा नसतो. इंजिन आयडलवर असताना लांबून टेन्शनरचा दांडा बघा. किंचित थरथर चालते, पण तो पुढे-मागे उड्या मारत असेल तर त्याची आवर घालण्याची ताकद संपलीय. इंजिन बंद करून पान्याने तो फिरवून बघा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग, न अडकता, चांगल्या जोराने परत यायला हवा. काहींवर खुणा असतात. काटा खुणेच्या पलीकडे गेला असेल तर पट्टा ताणला गेलाय किंवा चुकीच्या लांबीचा बसवलाय.

तिसरी तऱ्हा कमी दिसते: ताणून बसणारा लवचिक पट्टा. याला टेन्शनर नाही आणि सरकणारा बोल्टही नाही. हा खास हत्याराने पुलीवर चढवतात, आणि एकदा काढला की परत वापरत नाहीत. कुणी स्क्रू ड्रायव्हरने खेचून चढवायला लागला तर त्याला तिथेच थांबवा.

पायरी सहावी: पट्टा बदलणं

पट्ट्याच्या पाठीवर एक क्रमांक असतो. ‘६पीके१२५५’ असं लिहिलेलं असेल तर ६ म्हणजे सहा धारा, पीके म्हणजे धारांचा ठरलेला नमुना, ज्यात दोन धारांमधलं अंतर ३.५६ मिमी असतं, आणि १२५५ म्हणजे मिलिमीटरमधली लांबी. दुकानात जुना पट्टा घेऊन जा, पण फक्त लांबी मोजून घेऊ नका, वापरलेला पट्टा थोडा ताणलेला असतो. क्रमांक पुसला असेल तर गाडीचं मॉडेल, साल आणि इंजिन सांगा. गेट्स, फेनर, काँटिटेक किंवा गाडीच्या कंपनीचा, यातला कोणताही घ्या. फक्त डबा आणि छपाई नीट बघा, या भागांच्या नकला बाजारात असतात.

काढण्याआधी पट्ट्याची वाट दोन-तीन कोनांतून मोबाइलवर टिपून घ्या. काही गाड्यांत बॉनेटच्या आत तिचं चित्र चिकटवलेलं असतं. मग टेन्शनरच्या बोल्टला किंवा चौकोनी भोकाला लांब दांड्याचा पाना लावा, ज्या दिशेने दांडा ढिला पडतो त्या दिशेने सावकाश फिरवा आणि वरच्या सोप्या पुलीवरून पट्टा उतरवा. टेन्शनर हळू परत सोडा, फटकन सोडलात तर तो आतून बिघडतो.

पट्टा निघालाय तर ही संधी दवडू नका. प्रत्येक पुली हाताने फिरवा. आयडलर आणि टेन्शनरची पुली आवाज न करता फिरावी. खरखर लागली, किंवा फार वेळ सुळ्ळकन फिरत राहिली, म्हणजे आतलं ग्रीस संपलंय. पुली धरून हलवून बघा, डगडग लागायला नको. पुल्यांच्या खाचा जुन्या टूथब्रशने आणि सौम्य साबणाच्या पाण्याने स्वच्छ करा आणि पूर्ण वाळू द्या. पेट्रोल, रॉकेल, थिनर इथे आणू नका. आवाज पट्ट्याच्या साखळीतूनच येतोय याची खात्री हवी असेल तर पट्ट्याशिवाय इंजिन वीस-पंचवीस सेकंद चालू करून लगेच बंद करा. बॅटरीचा दिवा लागेल, तो लागायलाच हवा. आवाज तेव्हाही येत असेल तर शोध इंजिनाच्या आत घ्यावा लागेल.

नवा पट्टा आधी क्रँक पुलीवर, मग चित्राप्रमाणे बाकीच्या पुल्यांवर, आणि शेवटी सपाट किंवा सोप्या पुलीवर चढवा. खाचांची बाजू खाचांच्या पुलीवर, सपाट पाठ सपाट पुलीवर. टेन्शनर सोडल्यावर प्रत्येक पुलीवर बोट फिरवून सगळ्या धारा आपापल्या खाचेत आहेत हे बघा. क्रँक बोल्टला पाना लावून इंजिन नेहमीच्या दिशेने हाताने दोन फेरे फिरवा, पुन्हा बघा, मगच स्टार्टर मारा. ताण हाताने द्यायचा पट्टा असेल तर पाच-दहा मिनिटं चालवून गार झाल्यावर ताण परत मोजा, आणि काहीशे किलोमीटरनंतर आणखी एकदा. नवा पट्टा सुरुवातीला थोडा सैल पडतोच.

हे सगळं करूनही नवा पट्टा ओरडला तर क्रमांक, धारांची संख्या आणि पट्ट्याची वाट पुन्हा जुळवून बघा, मग टेन्शनरकडे वळा. जुना टेन्शनर तसाच ठेवून दोनदा पट्टा बदललेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीत दोन्ही एकत्र बदलणं शहाणपणाचं.

हे करू नका

साबणाची वडी, मेणबत्ती, खडू, टाल्कम पावडर, बेल्टचा चिकट स्प्रे, गंज सोडवायचा स्प्रे. यातलं काहीही चालत्या पट्ट्यावर लावू नका. साबण आणि मेण घसरण वाढवतात, तेलकट स्प्रे रबर फुगवतो, चिकट स्प्रे धूळ धरून ठेवतो आणि खाचांत दगडासारखा बसतो. गुळगुळीत झालेला पट्टा पॉलिश पेपरने घासूनही फार दिवस टिकत नाही. आणि आवाज दबल्यामुळे जाम होत चाललेलं बेअरिंग तसंच पुढे सरकतं, हे सगळ्यात वाईट.

रस्त्यातच तुटला तर

बॅटरीचा लाल दिवा लागणं, पाठोपाठ स्टेअरिंग जड होणं, एसी गरम हवा फेकू लागणं ही पट्टा गेल्याची लक्षणं. तापमानाच्या काट्याकडे ताबडतोब लक्ष द्या. वॉटर बॉडी याच पट्ट्यावर असेल तर काही मिनिटांत इंजिन तापतं, आणि खंडाळ्याच्या चढावर तर त्याहून लवकर. गाडी डाव्या बाजूला सुरक्षित जागी घ्या, इंजिन बंद करा, पार्किंगचे चारही दिवे लावा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. व्हॅक्यूम पंप डायनॅमोवर असलेली डिझेल गाडी असेल तर ब्रेक दोन-तीन दाबांनंतर दगडासारखा कडक होतो. तेव्हा पाय पुन्हा पुन्हा उचलू नका, एकाच दाबात जोर लावून गाडी थांबवा. अशी गाडी पट्ट्याशिवाय पुढे नेऊच नका, टोइंग बोलवा.

वॉटर बॉडी टायमिंग बेल्टवर असेल आणि ब्रेकचा व्हॅक्यूम पट्ट्यावर अवलंबून नसेल तर एसी, ब्लोअर, रेडिओ बंद करून दिवसाउजेडी जवळच्या गॅरेजपर्यंत बॅटरीवर जाता येतं. पण त्याआधी तुटलेल्या पट्ट्याचे धागे क्रँक पुलीमागे गुंडाळलेले नाहीत हे खात्रीने बघा. ते टायमिंग बेल्टच्या झाकणात शिरले तर इंजिनाचं मोठं काम निघतं.

लांबच्या प्रवासाला, कोकणात किंवा घाटमाथ्यावर, नेहमी जाणं असेल तर डिकीत एक जादा पट्टा ठेवा. बदललेला जुना पट्टा लवचिक प्रकारचा, जास्त झिजलेला किंवा ऑइल लागलेला नसेल तर तोही चालेल. त्याच्याबरोबर टेन्शनरच्या मापाचा पाना आणि पट्ट्याच्या वाटेचं छापलेलं चित्र ठेवा, म्हणजे अनोळखी गावातल्या मेकॅनिकलाही काम अर्ध्या तासात उरकता येतं.